पिंगीचा कागद

"या कागदात नको. पिंगीच्या कागदात बांध," असं पाठीमागून कुणी बाई म्हणाली, आणि द्वारका लेलेच्या हातातला नारळ सुटून पोपटशेट वाण्याच्या गुळाच्या ढेपेवर आदळला. नारळाला काही झालं नाही, ढेपेला मात्र खळगा पडला. पोपटशेटने आधी ढेपेकडे पाहिलं, मग द्वारकेकडे पाहिलं, आणि ओव्हरसियरची बायको म्हणून गप्प बसला. द्वारकेचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. शहापूरच्या बाजारात, मार्गशीर्षातल्या थंड सकाळी, हिंगाच्या आणि गोणपाटाच्या वासात पिंगीचं नाव कुणाच्या तोंडून निघायचं काही कारण नव्हतं. ते नाव तिच्या स्वयंपाकघरातलं होतं. डाळींच्या डब्यांमागे दौत-टाक ठेवून, दुपारची झाकपाक झाली की पाटावर बसून तिने पिंगी चेटकिणीची गोष्ट लिहायची, लेल्यांनी ऑफिसला जाता जाता पाकीट टपालात टाकायचं, आणि महिन्याने मुंबईहून 'खिरापत' मासिकाचा अंक यायचा. शेजारणींना सुद्धा त्याचा पत्ता नव्हता. आपल्या घरचं मांजर परगावी कुणाच्या तरी पायांत घोटाळताना दिसावं तसं तिला झालं, आणि ती वळली.

मागे दोघीजणी होत्या. एक थोराड, काटक, कपाळभर गोंदलेली. तिने डोक्यावरची नव्या, न खपलेल्या सुपांची चळत दुकानाच्या पायरीवर उतरवून ठेवली होती. दुसरी तरणी, हसरी, पदर कमरेला घट्ट खोचलेली. किन्हवलीच्या पुढच्या डोंगरावर पाडे आहेत, तिथल्या या बाया, हे द्वारकेला त्यांच्या लुगड्यांवरून आणि ओल्या बांबूच्या वासावरून कळलं. दर बाजाराला त्या सुपं घेऊन येत, विकत, आणि मीठ-मिरची घेऊन परत जात. "अगो, मीठ ते मीठ," पोपटशेट म्हणत होता. "कागद काय खायचाय तुला?" "खायचा नाय, वाचायचाय," तरणी म्हणाली. मग पोपटशेटने गाऱ्हाणं द्वारकेपुढेच मांडलं, कारण दुकानात दुसरं शहाणं माणूस कुणी नव्हतं. "बघा बाई, ही माझी गिऱ्हाइकं. कल्याणहून रद्दीचा एक गठ्ठा आणला. मुंबईच्या कुठल्या घरातून निघाला होता देव जाणे, पोरांच्या मासिकांचा, वर्षानुवर्षांचे अंक सुतळीने बांधून ठेवलेले. वरून एकेक काढला, पुड्या बांधल्या. तर यांना त्यातली भुताळीची पानंच पाहिजेत. दुसऱ्या कागदात बांधलेली पुडी सोडायला लावतात, मीठ सांडतात, आणि वर मलाच हसतात."

"आता किती राहिली?" थोराड बाईने विचारलं. आवाज खालचा होता. आजाऱ्याची चौकशी करावी तसा.

"ही घे, शेवटची. गठ्ठा संपला. आता पिंगी नाही न् फिंगी नाही, पुढच्या बाजाराला आपलं गुपचूप वर्तमानपत्रात मीठ न्यायचं," असं म्हणून पोपटशेटने खालून एक पिवळं पडलेलं पान ओढलं, मीठ ओतलं, आणि सराईत हाताने पुडी बांधून टाकली. तरणीने पुडी हातात घेतली आणि लगेच डोळ्यांजवळ नेली. थोराडीने तिच्या मनगटावर चापट मारली. "आत्ता नाय वाचायचं," ती म्हणाली. "बसू दे मला आदी."

द्वारकेच्या पिशवीत खण होता, नारळ होता, आणि त्यांच्या खाली 'खिरापत'च्या संपादकांच्या नावाचं जाड पाकीट होतं. मुरबाडला नणंदेच्या लेकीचं डोहाळजेवण. जाता जाता पोस्टात पाकीट टाकायचं आणि गाडी पकडायची, असा तिचा बेत होता. पाकिटात पिंगीचं लग्न होतं. संपादक सबनीसांनी दिवाळीच्या आधीच लिहिलं होतं की आता चेटकीण पुरे झाली, पालकांना तिच्या जागी शूर राजपुत्र हवा आहे, तेव्हा तिचं एकदाचं लग्न लावून द्यावं आणि मालिका मंगलाष्टकांवर संपवावी. द्वारकेने महिनाभर टाळाटाळ केली होती आणि मग एका दुपारी, कपाळावर आठी घालून, लग्न लावून टाकलं होतं. मुलगा शोधला तो कारकून. पिंगीने मान खाली घातली, सूप सासूच्या हवाली केलं, आणि पुन्हा कधी उडाली नाही. लिहून झाल्यावर द्वारकेने लेल्यांना वाचून दाखवलं. लेले रस्त्याच्या खडीचा हिशेब बाजूला ठेवून ऐकत राहिले आणि म्हणाले, "छान आहे. पण ती आजारी आहे का?" त्यावर द्वारका दोन दिवस त्यांच्याशी धड बोलली नव्हती. आता त्या बाया सुपांची चळत उचलून एस. टी. स्टँडकडे निघाल्या तशी तीही निघाली. पोस्ट डाव्या हाताला होतं. ती सरळ गेली. पाकीट काय, मुरबाडच्या पोस्टातही टाकता येतं, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि ते अगदी खरं होतं.

गाडीत तिने त्यांच्या शेजारचीच जागा धरली. बाकावर कुणाच्या तरी सुक्या बोंबलांच्या पाटीचं पाणी सांडलेलं होतं, पण उठून दुसरीकडे जायला ती तयार नव्हती. तशीच टोकावर बसली. सुपं मधल्या वाटेत उभी केली होती आणि कंडक्टर त्यांच्यावरून ढेंगा टाकत तिकिटं फाडत होता. गाडी सुरू झाली, खिडक्यांच्या काचा खडखडू लागल्या, आणि मोकळ्या भातखाचरांवरून थंड वारा आत आला. द्वारकेला एकाएकी पहिला पावसाळा आठवला. लेल्यांची नुकतीच इथे बदली झाली होती. गिरगावातल्या चाळीत जिथे भिंतीपलीकडे कुणी शिंकलं तरी 'शतं जीव' म्हणायची सवय, तिथून उठून ती या कौलारू घरात आली होती. लेले दिवस दिवस रस्त्यांवर, आणि घरात ऐकायला फक्त पन्हळीचं पाणी. मूल होत नव्हतं. त्याबद्दल सगळे इतक्या हळू आवाजात बोलत की कानठळ्या बसत. एका दुपारी तांदूळ पाखडताना तिच्या मनात आलं की हे सूप असंच वर गेलं तर. म्हणजे आपल्याला घेऊन. कौलं फोडून, पन्हळीवरून, माहुलीच्या सुळक्यांना वळसा घालून. ती इतकी हसली की तांदूळ सांडले. ते वेचायच्या आधीच तिने वाणसामानाच्या यादीच्या पाठीवर लिहिलं, की पिंगट झिंज्यांची, पुढचा एक दात नसलेली, नऊ वर्षांची चेटकीण फाटक्या सुपावर बसून एका अतिशय करड्या अण्णासाहेबांच्या पानात, नेमकी आमटीच्या वाटीत पडली. तेव्हा संपादकांनी एकच पान दिलं होतं. लेखकाचं नाव लेल्यांनी सुचवलं, दादूमामा. बाईने लिहिलेली चेटकीण लोकांना चालणार नाही, असं काही ते म्हणाले नाहीत. दादूमामा नावाचा मामा असला म्हणजे पोरांना बरं वाटेल, एवढंच म्हणाले. त्यांचंही बरोबर होतं. मुलांची पत्रं येत ती दादूमामालाच, आणि त्यांत मामाला मिशा आहेत का असं हटकून विचारलेलं असे.

मग हळूहळू पिंगी शहाणी होत गेली. ते कसं झालं हे द्वारकेला आठवून सुद्धा धड सांगता आलं नसतं. मास्तरांचा बेडूक केला तेव्हा पुण्याच्या एका शाळेचं पत्र आलं, म्हणून पुढच्या महिन्यात बेडकाचे पुन्हा मास्तर झाले आणि पिंगीने त्यांची क्षमा मागितली. अण्णासाहेबांच्या शेंडीला पतंग बांधला तेव्हा संपादकांनी लाल शाईने लिहिलं की संस्कारांकडे लक्ष असावं. पिंगी शुभंकरोती शिकली. पिंगीचा दात आला. पिंगीच्या झिंज्यांच्या दोन वेण्या झाल्या, पुढे ती भरतकाम करू लागली, पुढे आजारी शेजारणीसाठी पेज घेऊन जाऊ लागली, आणि सूप उडायचं ते आता फक्त परोपकारासाठी, तेही अण्णासाहेबांना विचारून. द्वारकेला हे सगळं दिसत होतं आणि ती लिहीत होती. घरातल्या कुंडीतलं झाड वाळतंय हे रोज दिसावं आणि रोज तितकंच पाणी घालत राहावं, तसं.

"आजचा कागद जाड हाय," तरणी पुडी चाचपत म्हणाली. "ऐक ना गो लहाने, वरचंवरचं वाचू?"

"नको म्हनते ना. शेवटाला मरतात सगळी," थोराड बाई म्हणाली. तिचं नाव लहानी होतं आणि ती हाडापेराने लहान अजिबात नव्हती. "मी जत्रंला नाटकं बघितलीत, हिरे. शेवट आला का कोनतरी मरतं, न्हायतर लगीन होतं."

हे ऐकून द्वारकेने पिशवी मांडीवर जरा घट्ट धरली. मग आपला आवाज जमेल तितका परका करून तिने विचारलं, "कुणाची गोष्ट ही?" आणि दोघी तिच्याकडे अशा वळल्या, जणू इतक्या दिवसांत विचारलंच नव्हतं कुणी. हिरीने समाजशिक्षणाच्या वर्गात अक्षरं गिरवली होती. मास्तरची बदली झाल्यावर वर्ग बंद पडला आणि वाचायला उरल्या त्या मिठाच्या पुड्या. ती एकेक अक्षर लावून वाचायची, लहानी एकदा ऐकलं की कायमचं लक्षात ठेवायची, आणि मग पाड्यावर सगळ्यांना सांगायची. मीठ मडक्यात गेलं की कागद झटकून, उन्हात धरून, पाट्याखाली दाबून सपाट करायचा आणि भाताच्या पेजेने कुडाच्या भिंतीला चिकटवायचा. हिरीच्या घरात चुलीपासून दारापर्यंत पिंगीच पिंगी होती. काही पानं दुसऱ्यांच्या मिरचीत, दुसऱ्यांच्या चहात गेलेली. तीही शोधून आणली होती. मुरबाडकडच्या एका पाड्यावर पतंगाचं पान होतं ते काही केल्या द्यायला तयार नव्हते, तेव्हा त्यांना बेडकाचं पान चार दिवस वापरायला देऊन बदल्यात पतंग तोंडपाठ करून आणला. "तिकडची लोकं बेडकाला लई हसली," हिरी म्हणाली. "त्यांचा बी मास्तर तसाच हाय."

"पण मला सगळी सांगा ना. पहिल्यापासून," द्वारका म्हणाली.

लहानीने पाय वर घेतले आणि बाकावर मांडी ठोकली. "पयल्यांदा ती लई शानी व्हती," तिने सुरुवात केली. "येनी घालायची, द्येवाचं म्हनायची, टाके घालायची, म्हाताऱ्याला इचारल्याबिगर शिंकायची पन नाय. आमी म्हनलं, हिच्यात काय मजा हाय? पन मीठ तर लागतं. मंग दुसऱ्या बाजाराला ती टाकं इसरली. मंग येक येनी सुटली. मंग तिचा दात पडला. मंग द्येवाचं म्हनता म्हनता मधलंच इसरली. मंग मास्तरची माफी मागितली आन् लगोलग दुसऱ्या कागदात त्याचा बेडूक क्येला."

"आधी माफी मागितली?"

"आदी मागून ठेवली. मंग बेडूक क्येला. हुशार हाय ती," लहानी अभिमानाने म्हणाली. "मंग ती बारकी झाली, केस पिंजारले, म्हाताऱ्याच्या शेंडीला पतंग लावला. पयल्यांदा शानी व्हती ना, मंग तिला अक्कल आली."

द्वारकेच्या पोटातून हसू निघालं ते घशात अडकलं, आणि तिला ठसका लागला. हिरीने तिची पाठ थोपटली. गठ्ठा. वरून एकेक काढला, पोपटशेट म्हणाला होता. मुंबईच्या कुठल्याशा घरात दर महिन्याचा नवा अंक जुन्या अंकांवर ठेवला जात होता आणि वाण्याने सुतळी सोडून वरचा आधी फाडला. ज्या वाटेने ती पिंगीला धाकात घेत, दाबत, वेण्या घालत इथवर घेऊन आली होती, त्याच वाटेने या बाया तिला उलट्या घेऊन गेल्या होत्या, टाका टाका उसवत. आणि त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. "बाय, मानूस म्हातारा व्हतो," लहानीने तिला समजावलं, "भुताळीचं तसं नसतं. ती ल्हान व्हत जाते." हे ती इतक्या ठामपणे म्हणाली की द्वारकेला क्षणभर वाटलं, हे आपल्याला कुणी आधी सांगायला हवं होतं. तिने खिडकीच्या काचेत पाहिलं. काचेत करड्या बटांची एक बाई होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ठसकलेली, आणि काचेपलीकडे पेंढ्याचे ढीग मागे पळत होते.

"भीती नाही वाटत? भुताळी म्हणजे..." तिने विचारलं आणि अर्ध्यावरच थांबली. तो शब्द तिला ठाऊक होता. लेल्यांनी एकदा सांगितलं होतं की रस्त्याच्या कामावर एका म्हातारीच्या हातचं पाणी कुणी घेत नाही, कारण कुणाचा तरी बैल मेला तेव्हा लोकांनी तिचं नाव घेतलं होतं. ते ऐकल्यावर द्वारकेला कितीतरी दिवस अपराध्यासारखं वाटत राहिलं होतं, की आपण बसल्या बसल्या ज्याची गंमत करतो त्यापायी कुणाचं पाणी तुटतं.

सुपाच्या काठावरची एक सुटलेली काडी लहानीने आत खोचली. "माझी जाऊ हाय, जना," ती मग म्हणाली. "येकटीच हाय, पाड्याच्या कडंला ऱ्हाते. तिला म्हनायची लोकं. पोरं तिच्या दारावरनं पळत जायची, थुंकून. मी बी तिच्याकडं जायची नाय, खोटं कशाला बोलू. मंग पिंगी आली. येक दिवस बारकी पोरं जाऊन तिला इचारतात, आजे, पिंगी तुझी कोन? मी मनात म्हनलं, आता मारते ही पोरांना. तर म्हातारी म्हनते, नात. माझी नात हाय, बिघडलीया जरा. आता पोरं तिच्या वट्यावरच असतात. कागद पयला तिला ऐकवायला लागतो, न्हायतर रुसते." हिरी हसली. "आन् पानी बी तिच्याकडंच पितात मेली, घरात हंडा भरलेला असून," ती म्हणाली.

द्वारकेला खूप आनंद झाला होता आणि तो कुठे ठेवावा हे कळत नव्हतं. मुलांच्या पत्रांनी तिला बरं वाटायचं, पण ते दादूमामाला वाटल्यासारखं वाटायचं. हे मात्र थेट तिच्या छातीत येऊन बसलं, आणि त्याच्या खाली, पिशवीत, ते पाकीट होतं. सबनीस ते छापतील. मग कुठल्या तरी घरात तो अंक गठ्ठ्याच्या वर चढेल, कल्याणला जाईल, पोपटशेटकडे येईल, आणि वरचं पहिलं पान असेल ते पिंगीच्या लग्नाचं. तेवढ्यात तिच्या मनात आलं की तसं झालं तरी या बायांना काय फरक पडणार आहे. लग्नापासून सुरू करतील. पुढच्या बाजाराला कारकून गळून पडेल, मग सासूच्या हातून सूप सुटेल, आणि पिंगी आपली मागे मागे, पुढे पुढे, मोकळी होत जाईल. इथे तिला कुणीच संपवू शकत नव्हतं. पण मुंबईची पोरं सरळ वाचतात. जानेवारीनंतर फेब्रुवारी. त्यांना उलटा गठ्ठा सोडणारा वाणी कोण देणार? त्यांची पिंगी मंगलाष्टकांत मान खाली घालून उभी राहिली की तशीच उभी राहणार, जन्मभर. मिशांची चौकशी करणाऱ्या त्या पोरांबद्दल तिला आज पहिल्यांदा मनापासून वाईट वाटलं.

"हे सगळं लिहितो कोण, ठाऊक आहे?" न राहवून तिने विचारलं. विचारल्यावर कान तापले.

"खाली नाव असतं, दादूमामा म्हून," हिरी म्हणाली. "असंल कोनी."

"बरं लिहितो का?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बिचाऱ्याबद्दल वाईट बोलू नये, पण विचारलंच आहे तर, असा लहानीचा चेहरा झाला. "त्याच्या हातात काय हाय, बाय?" ती म्हणाली. "ती उडती पुढं. तो आपला पळतो मागून, धापा टाकत. दिसलं तेवढं लिवतो. शेवटीशेवटी जमाय लागलंय जरा त्याला."

शेवटीशेवटी म्हणजे सुरुवातीला. द्वारकेने मनातल्या मनात हिशेब केला आणि तिला चिमटा बसल्यासारखं झालं. मग तिला कळलं की आपल्याला मुळीच राग आलेला नाही. उलट खांद्यावरचं काहीतरी कुणी उतरवून घेतलं होतं. इतकी वर्षं ती समजत होती की पिंगीला आपण पुढून ओढत नेतो.

किन्हवली मागे पडली. डोंगर जवळ आला तशी लहानी अस्वस्थ झाली. उतरल्यावर चढण होती, पाड्यावर सगळे वाट बघणार होते, आणि जना म्हातारीने सकाळीच बजावून सांगितलं होतं की वाईट असलं तर मला ऐकवू नका, खोटं सांगा. खोटं काय सांगायचं हे ठरवायला आधी खरं कळायला हवं. "वाच," लहानी म्हणाली आणि तिने डोळे मिटून घेतले. हिरीने पुडी दोन्ही हातांत धरली. गाडी हलत होती, कागद मिठाने फुगला होता, आणि ती पुडी फिरवत फिरवत वाचू लागली, बोट अक्षराखाली ठेवून. "दु-पा-री... अण्णासायेब... जेवायला बसले व्हते. ती... धप्प... म्हून आमटीत पडली." लहानीने एक डोळा उघडला. "सूप फाटलं व्हतं. अण्णासायेब वरडले, कोन गं तू? कुठं चाललीस?" हिरी थांबली. तिचाही आवाज बारीक झाला होता. "तवा पिंगी म्हनली, चालले नाय. मी आले हाय, आन् आता..." पुढची ओळ घडीच्या आत गेली होती, मिठाच्या पोटात. हिरीने पुडी उलटी केली, तिरपी केली, घडीत नख घातलं. दोन-तीन खडे मांडीवर सांडले. लहानीने दुसरा डोळा घट्टच मिटून ठेवला होता. "आन् आता काय?" ती म्हणाली. "मरते का?"

"आणि आता मला घालवणारा अजून जन्माला यायचाय," द्वारका म्हणाली.

ते तिने ठरवून म्हटलं नव्हतं. तोंडून निघून गेलं, त्या पहिल्या दुपारी यादीच्या पाठीवर निघालं होतं तसंच. हिरीचं बोट कागदावर तसंच राहिलं. लहानीने दोन्ही डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं, तिच्या कोऱ्या खणाकडे, नारळाकडे, चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मग सगळं ध्यानात आल्यासारखी तिच्या जवळ सरकली.

"तुमी बी पोपटशेटकडंच मीठ घेता?" तिने विचारलं.

"हो," द्वारका म्हणाली. "आम्हीही तिथंच घेतो."

"मंग आदी सांगायचं ना, गो बाय," असं म्हणून लहानी जी हसत सुटली ती थांबेना. हिरीने ती ओळ दोनदा म्हणून घेतली, विसरू नये म्हणून. मरत नाय, लगीन नाय, आली हाय आन् आता जायची नाय. कंडक्टरने मागे वळून, काय झालं म्हणून विचारलं, तर त्याच्या अंगावर दोघी एकदमच ओरडल्या, की आली, पिंगी आली, आणि त्याने घाईघाईने घंटा मारली, कारण त्याला वाटलं, यांचा पाडा आला. खरोखरच आला होता. उतरता उतरता लहानीने चळतीतलं एक सूप ओढून द्वारकेच्या मांडीवर ठेवलं. द्वारका पिशवीत हात घालू लागली तशी तिने तो हात धरला. "पिंगीच्या मानसाला इकत नाय," ती म्हणाली. मग कमरेच्या चंचीतून मूठभर तांदूळ काढून तिने सुपात टाकले. नवं सूप कुणाला रिकामं द्यायचं नाही, ही त्यांची जुनी रीत. "आदी आमी असंच टाकायचो, म्हातारी मानसं सांगायची म्हून," हिरी खालून खिडकीशी येऊन म्हणाली. "आता पिंगीसाठी टाकतो. येखाद्या टायमाला ती आपल्याच सुपावर बसली, तर उपाशी नको."

गाडी सुटली आणि वाऱ्याने सुपातले तांदूळ उडू लागले. द्वारकेने घाईने हात झाकला, पण बोटांच्या फटींतून दाणे निसटत होते, आणि बांधून घ्यायला जवळ काही नव्हतं. मग तिने पाकीट फोडलं. वरचं पान काढलं. त्यावर मुलाकडच्यांची बैठक होती. त्यात तांदूळ भरले आणि पोपटशेटसारखी जमेल तशी पुडी बांधली. ती बरी जमली. दुसरी पानंही हाताशी आलीच होती, तर मंगलाष्टकांचं तिने ओल्या बाकावर अंथरलं आणि आता ऐसपैस मागे टेकून बसली. बोंबलांचं पाणी कागदातून हळूहळू वर आलं, शाई पसरली, कारकून आधी गेला. पुढचा भाग कसा असेल ते तिला अजून ठाऊक नव्हतं. पिंगीचा दात पडणार होता एवढं नक्की. कुठे जाते आहे हे बघायला मागून पळावं लागणार होतं, आणि द्वारकेच्या तळपायांना आताच हुळहुळल्यासारखं वाटत होतं.

मुरबाडच्या पोस्टात तिने एक कार्ड घेतलं आणि तिथल्या मोडक्या टाकाने उभ्या उभ्या लिहिलं. 'रा. रा. सबनीस यांस, स. न. वि. वि. पिंगीचे लग्न मोडले आहे. मुलगी पुढे उडाली असून मी मागून धावत आहे. जसजसे दिसेल तसतसे कळवीन. राजपुत्रासाठी दुसरे स्थळ पाहावे. आपला, दादूमामा.' सबनीस रागावतील, कदाचित मालिका बंदच करतील, हे तिला कळत होतं. पण असं त्यांना लिहून पाहिलंच नव्हतं तिने आजवर. कार्ड पेटीत टाकून, पेटीला टिचकी मारून ती पुढे निघाली.

नणंदेच्या दारात रांगोळी होती, आत बायकांचा कलकलाट होता, आणि डोहाळकरीण हिरव्या साडीत, हिरव्या चुड्यात अवघडून बसली होती. द्वारका ओटीवर आली ती काखेत सूप, हातात पुडी, लुगड्याला मागच्या बाजूला शाईचे डाग, केस वाऱ्याने उडालेले. नणंदेने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"अगं वहिनी, हे काय ध्यान? आणि सूप कशाला आणलंस?"

"बसायला," द्वारका म्हणाली, आणि पाट बाजूला सारून तिने सूप खाली ठेवलं.